अक्कावर मेत्ता धरेना

बिसो मेनिकेची मेत्ता चौथ्या माणसापर्यंत सुरळीत जायची आणि पाचव्यापाशी आली की फतकल मारून बसायची. काही केल्या उठायचीच नाही.

हे आजकालचं नव्हतं, अकरा वर्षं असंच चाललं होतं. दर पौर्णिमेला बिसो पहाटे अंघोळ करून पांढरं पातळ नेसायची, टेकडीवरच्या विहारात जाऊन अष्टशील, म्हणजे दिवसभराचं आठ नियमांचं व्रत, घ्यायची, बाराच्या आत जेवून घ्यायची आणि मग धम्मशाळेत चटईवर पाय दुमडून डोळे मिटायची. मेत्ता म्हणजे मैत्रीची भावना: एकेक माणूस मनासमोर आणायचा आणि त्याचं भलं चिंतायचं. सुखी होवो, निरोगी होवो, निर्वैर होवो. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांना सोपं वाटतं त्यांनी एकदा बसून बघावं.

पहिली जागा स्वतःची. तिथे बिसोला काही अडचण नव्हती, आपलं भलं व्हावं असं तिला मनापासून वाटायचं. दुसरे थोरले भंते. तिसरी तिची नात, तिच्यापाशी तर मेत्ता नुसती ओसंडून जायची. चौथा माणूस असा लागतो की जो ना आपला ना परका, ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही. तो मिळेपर्यंत बिसो मेटाकुटीला आली, कारण सगळ्या उडुगम गावात जिच्याबद्दल तिला काहीच वाटत नाही अशी एक व्यक्ती नव्हती. शेवटी तिने सकाळच्या बसचा कंडक्टर धरला. तेव्हापासून त्या बिचाऱ्याचं त्याच्या नकळत भलं चिंतलं जात होतं.

आणि पाचवी अक्का.

पाचव्या जागी वैरी बसवायचा असतो. बिसोने तिथे आपली सख्खी मोठी बहीण टिकिरी बसवली होती. दोघी एका चटईवर झोपून वाढलेल्या. बिसोला लहानपणी ताप आला की टिकिरी जेवायची नाही. ते सगळं खरं होतं. पण आई गेल्यावर तीन महिन्यांनी तिच्या नावाने भंतेंना जेवू घालायचं दान होतं, त्या दिवशी जे झालं तेही खरं होतं.

त्या दिवसासाठी बिसोने आदल्या दुपारपासून कोवळ्या फणसाचं कालवण मातीच्या हंडीत मंद आचेवर ठेवलं होतं. कोकमासारखा गोरका घातलेलं, आंबटसर, आईला आवडायचं तसं. ती गरम हंडी मांडीवर धरून, बसमधून धक्के खात ती पल्लेगमला अक्काच्या घरी पोचली. भंते जेवायला बसले. शेजारणींच्या डाळी पुढे गेल्या, चुलत जावेची वांगी गेली, कुणी तरी आणलेला अननससुद्धा गेला. बिसोची हंडी गेली नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराआड झाकण लावून तशीच पडली होती. दारात अक्का हातात पळी घेऊन उभी होती, रुंद, घामेजलेली. तिने बिसोकडे बघितलं आणि नजर फिरवली.

लेकीच्या हातचं अन्न भंतेंच्या पात्रात पडलं की त्याचं पुण्य आईला पोचतं. अक्काने ते पोचूच दिलं नाही. जेवण झालं, भंते गेले आणि बिसोने सगळ्या नातेवाइकांसमोर तोंड सोडलं. अक्काचंही तोंड काही लहान नव्हतं. "मी मेले तरी हिला कळवू नका रे! माझं मेलेलं तोंडसुद्धा बघायचं नाही हिने!" असं ती शेवटी ओरडली. "बघतंय कोण!" म्हणत बिसोने हंडी उचलली आणि ती चालती झाली. बस दोन तास आली नाही. आईसाठी केलेलं ते कालवण थांब्यावरच्या कुत्र्यांनी खाल्लं.

तेव्हापासून दोघींचं येणंजाणं नाही, पत्र नाही, निरोप नाही. आता मेत्ता करायला बसलं की बिसोसमोर दारातली ती बाई यायची. हातात पळी, फिरवलेली नजर. "अक्का सुखी होवो," बिसो म्हणायची, आणि आत काही हलायचं नाही. कोरड्या विहिरीत बादली सोडल्यावर जसा आवाज येतो तसा नुसता ठण्ण आवाज यायचा.

त्या वर्षी पौषातल्या दुरुतु पौर्णिमेला थोरल्या भंतेंनी प्रवचनासाठी मेत्ताच घेतली. शेवटी शेवटी ते म्हणाले, "आणि एक लक्षात ठेवा. मेलेल्या माणसावर मेत्ता करायला बसू नका. गेलेल्याला पुण्य द्यावं. मेत्ता जिवंत माणसावरच धरते, मेलेल्यावर कितीही बसलात तरी धरायची नाही." एवढं बोलून ते विहाराच्या गळक्या कौलांकडे वळले.

बिसोने डोळे उघडले. शेजारच्या चटईवर पोडी अम्मा बसली होती. बिसोची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि गावातल्या सगळ्या बातम्यांचं उगमस्थान.

"ऐकलंस?" पोडी अम्मा कुजबुजली.

"काय?"

"मेलेल्यावर धरत नाही म्हणे. आणि तुझी अक्कावर किती वर्षं धरत नाहीये?"

"गप बस. शील घेतलंयस आज."

"मग मी खोटं कुठं बोलतेय? आपलं मनात आलं ते सांगितलं. मेले तरी कळवू नका, असं तीच म्हणाली होती ना? मग तुला कळवणार कोण गं?"

आता भंते म्हणाले होते की मेलेल्यावर मेत्ता धरत नाही. धरत नाही म्हणजे माणूस मेलंच, असं ते म्हणाले नव्हते. पंधरा हातांवर ते बसलेले होते, विचारलं असतं तर हसून सांगितलं असतं. पण बिसोने विचारलं नाही. विचारायचं तर पाचव्या जागी कोण आहे ते सांगावं लागलं असतं, आणि भंतेंना तिने सांगून ठेवलं होतं की तिथे तिठ्यावरचा दुकानदार आहे. हे खोटं तिने शील नसलेल्या दिवशी सांगितलं होतं, एवढी काळजी घेतली होती.

ती पुन्हा डोळे मिटून बसली. अक्का आली. पळी, फिरवलेली नजर. सुखी होवो. ठण्ण. पुन्हा एकदा. ठण्ण. अक्का गेली असेल तर? कधीच गेली असेल तर? पौर्णिमेमागून पौर्णिमा आपण तिला वैऱ्याच्या जागी बसवत राहिलो, आणि ती बिचारी तिकडे मातीतसुद्धा मिसळून गेली असेल तर? बिसोला रडू फुटलं. बायकांना वाटलं, प्रवचन फारच लागलेलं दिसतंय.

घरी सून मल्लिकाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अम्मा, आधी एक पत्र टाकू या का?"

"कुणाला टाकतेस? मेलेल्या माणसाला?"

"पण गेल्या असतील असं कुणी सांगितलंय का?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? मला कळतंय ना आतून. धरतच नाहीये ती." मल्लिकाने सासूचं दुसरं पांढरं पातळ इस्त्री करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिसो निघाली. मयताच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून पिशवीत साखर आणि बिस्किटांचे दोन पुडे घेतले. बस खच्चून भरलेली होती. कंडक्टरने तिचं तोंड बघितलं आणि एका जाड्या माणसाला उठवून तिला खिडकीजवळ बसवलं. "अम्मा, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?" त्याने दोनदा विचारलं. इतका चांगला निघाला तो, की बिसोचा चौथा माणूसही गेला. पण तेव्हा तिला त्याचं काही नव्हतं.

पल्लेगमच्या थांब्यावर ती उतरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणून पांढरे झेंडे लावले होते. कोरे, काल-परवा कापलेले. ते थांब्यापासून निघून अक्काच्या गल्लीत वळले होते. मयत झालं की घरापर्यंत असे झेंडे लागतात, कुठे जायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. बिसोनेही विचारलं नाही. ती झेंड्यांखालून चालत राहिली. गल्ली चढणीची होती. एकेक पाऊल टाकताना ती मनात म्हणत होती, काल आले असते तर. परवा आले असते तर.

अक्काच्या अंगणात माणसं होती. ओळीने खुर्च्या मांडलेल्या, विड्याच्या पानांचं तबक फिरत होतं. बायकांचा एक घोळका आत शिरत होता. बिसो डोळ्यांना पदर लावून त्यांच्या मागोमाग आत गेली. उशाशी दिवा, शवपेटीभोवती माणसं. पेटीच्या पायाशी तिने गुडघेच टेकले आणि हंबरडा फोडला.

"अक्का गं! आले गं मी! तू म्हणालीस तोंड बघायचं नाही, तरी आले! अक्का, मी तुला वैरी केलं गं! एका हंडीपायी मी तुला वैऱ्यात बसवलं! मला ताप आला की तू जेवायची नाहीस, आणि मी तुला... मला क्षमा कर गं अक्का!"

आधी बायकाही तिच्याबरोबर रडल्या. मग एकेक जण थांबली. आणि मागून कुणी तरी म्हणालं, "बिसो?"

बिसोने पदराने नाक पुसलं.

"अगं बिसो, तो किरी बंडा आहे."

बिसोने मान वर केली. पेटीत झुबकेदार पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा शांतपणे पडलेला होता. त्याला तिने जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं. ना आपला ना परका. चौथ्या जागेला याच्याइतका योग्य माणूस तिला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि तोही मेलेला.

घर शेजाऱ्याचं होतं. त्याचं अंगण चिमूटभर, म्हणून खुर्च्या अक्काच्या अंगणात मांडल्या होत्या. आधी कुणी तरी खुदकन हसलं, मग किरी बंडाची लेक, दोन दिवस रडून डोळे सुजलेली, तीच तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि तिचं हसणं थांबेना.

अक्काने बिसोचा दंड धरला. "ऊठ आता. त्याची बायको असती तर तीसुद्धा एवढी रडली नसती. काय वाटलं असेल त्याला!"

बिसो उठली आणि तिने बहिणीकडे पाहिलं. ही कोण? ही तिच्या खांद्यालाही लागत नव्हती. केस कापसासारखे, पुढचे दात गेलेले, काठी म्हणून हातात छत्री. दारात उभी असलेली ती रुंद बाई कुठे गेली? बिसो तिला शोधत अक्काच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि अक्का म्हणाली, "अशी बघतेस काय? जिवंत आहे. चिमटा काढ हवं तर."

अक्काने तिला आपल्या घरी आणलं आणि चुलीपाशी बसवलं. कोरा चहा केला, कितुळ माडाच्या गुळाचा खडा हातावर ठेवला. गुळाचा तुकडा दातांनी तोडायचा आणि त्यावर चहाचा घोट घ्यायचा. अक्काला आता तो चघळावा लागत होता.

"पिशवीत काय आहे?"

"साखर. बिस्किटं."

"कुणाला?"

बिसोने पिशवी मांडीमागे सरकवली.

"म्हणजे मेलेल्या मला?"

"हो."

"ठेव तिकडे फडताळात. कामाला येईल. पुन्हा आणायला नको."

मग बिसोने सगळं सांगितलं. मेत्ता, पाचवी जागा, भंतेंचं बोलणं. अक्का ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचे खांदे हलायला लागले. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. बिसोने तिची पाठ चोळली. पाठीचे मणके हाताला लागत होते.

"वा गं वा," अक्का डोळे पुसत म्हणाली. "मन तुझं लागत नाही, आणि मरायचं मी?"

"हसू नकोस. माझा जीव गेला होता रस्त्यात."

"बरं झालं. म्हणून तरी आलीस."

थोडा वेळ दोघी चहा पीत बसल्या. बाहेर खुर्च्यांवरून माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. तेवढ्यावर थांबली असती तर ती बिसो कसली!

"माझी हंडी तू का ठेवलीस मागे?"

"कुठली हंडी?"

बिसोला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठून उडुगमला जावं. अकरा वर्षं! अकरा वर्षं ती त्या हंडीपाशी बसलेली, आणि हिला हंडीच आठवत नाही! "आईच्या तीन महिन्यांच्या दानाची! फणसाचं कालवण! सगळ्यांचं वाढलंस आणि माझं दाराआड ठेवलंस! माझ्या हातचं आईला पोचू दिलं नाहीस तू!"

अक्काने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग पुन्हा बाहेर ओढलं.

"हंडी मला खरंच आठवत नाही," ती म्हणाली. "पण ठेवली असेन. मीच ठेवली असेन, मुद्दाम."

"का?"

"आईने मला शेवटचे नऊ महिने ओळखलंच नाही, बिसो. तिला तू हवी होतीस. मला बिसो म्हणायची. बिसो, पाणी दे. बिसो, पाय चेप. पहिले काही दिवस मी सांगायची, आई, मी टिकिरी. तर रडायची. माझी बिसो कुठे गेली म्हणायची. नऊ महिन्यांत तू तीनदा आलीस."

"यांना बरं नव्हतं गं तेव्हा."

"माहीत आहे. म्हणून तर तुला काही बोलताही येईना." अक्काने नाक पुसलं. "मग एके दिवशी मी सांगायचं सोडलं. ती बिसो म्हणाली की मी म्हणायची, हो आई, मी बिसो. लगेच खायची, लगेच औषध घ्यायची. शेवटचं पाणी पाजलं तेव्हाही तिने विचारलं, बिसो ना? म्हटलं, हो आई, बिसोच. तुझ्या हातचं पाणी पिऊन गेली ती. समाधानाने गेली."

बिसोने पेला खाली ठेवला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"का सांगू? घाण मी काढली, जागरणं मी केली, आणि आई गेली तुझं नाव घेत. त्या दानाच्या दिवशी तू आलीस ती हंडी मिरवत, आईचं आवडतं केलंय म्हणून. मला वाटलं असेल, आज तरी हिचं नाव नको. आज एक दिवस तरी मी आईची लेक होईन." ती थांबली. "वाईट केलं मी. पण तेव्हा नाही वाटलं वाईट. नंतर वाटलं. मग तुझ्या दारात यायला तोंड नव्हतं."

बिसो जागची उठली, चुलीला वळसा घालून अक्काजवळ गेली आणि तिच्या पायाशी बसली. मोठ्या बहिणीला सणाला वाकून नमस्कार करतात तशी वाकली आणि तशीच राहिली. अक्काने तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोघीही रडल्या, आणि या वेळी माणूस तरी बरोबर होतं.

त्या दिवशी बिसो परतली नाही. बसच्या कंडक्टरकडे तिने सुनेला निरोप दिला: अक्का जिवंत आहे, शेजारच्या मयताचं सात दिवसांचं दान झाल्यावर येते. त्याने तो न विसरता पोचवला.

दिवेलागणीला अक्काने बुद्धाच्या तसबिरीपुढे नारळाच्या तेलाचा दिवा लावला, दोन झेंडूची फुलं ठेवली आणि भिंतीला टेकून पाय पसरले. तिला आता मांडी घालता येत नव्हती. बिसो शेजारी बसली. अक्का मोठ्याने मेत्ता म्हणायला लागणार, तेवढ्यात बिसोने विचारलंच.

"अक्का, तू मला कितव्या जागी बसवतेस? पाचव्याच ना?"

"पाचव्यापर्यंत पोचतंय कोण!" अक्का म्हणाली. "दोन माणसं झाली की माझी कंबर ओरडायला लागते. म्हणून तुला आधीच उरकून घेते."

"आधी म्हणजे?"

"पहिल्यातच. माझ्याबरोबर. नऊ महिने बिसो होऊन काढले, मग आपल्यापुरतं म्हणायला बसलं तरी जिभेवर दोन्ही नावं येतात. एवढ्या जुन्या गाठी आता कोण सोडत बसणार?" आणि तिने डोळे मिटून सुरुवात केली. "मी सुखी होवो. बिसो सुखी होवो. मी निर्वैर होवो. बिसो निर्वैर होवो."

बिसोने डोळे मिटले आणि लगेच उघडले. तिला मिटलेल्या डोळ्यांची भीती वाटली, तिथे पुन्हा ती पळीवाली यायची. म्हणून ती उघड्या डोळ्यांनी अक्काकडेच बघत बसली. बोळक्या तोंडाची, भिंतीला टेकलेली, स्वतःच्याच आवाजाने पेंगायला लागलेली. भंतेंचं खरंच होतं म्हणायचं. पळी घेऊन दारात उभी असलेली ती बाई कधीच मेली होती, आणि बिसो मेलेल्या बाईपुढे बसून होती. ही तिच्यासमोर कधी आलीच नव्हती.

"अक्का सुखी होवो," बिसो म्हणाली. मेत्ता धरली. इतकी धरली की तिला पुढचं वाक्य म्हणता आलं नाही.

सातव्या दिवशी किरी बंडाच्या घरी दान होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकेक पदार्थ जायचा होता. अक्काच्या घरून काय न्यायचं हे कुणी ठरवलं नाही, पण आदल्या सकाळी बिसो स्वतः झाडावरून कोवळा फणस उतरवून घेऊन आली आणि मातीची हंडी चुलीवर चढली. मग दोघी बहिणी चुलीपाशी बसल्या. आईचा राग, वडिलांची घोरण्याची तऱ्हा, लहानपणी नदीत वाहून गेलेली ती एक चप्पल, बोलता बोलता इतक्या दूर गेल्या की हंडीकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही.

दानाच्या सकाळी अक्काने झाकण उचललं, वास घेतला आणि म्हणाली, "लागलंय खाली."

बिसोचा चेहरा उतरला. "वरवरचं काढून घेतलं तर कळायचं नाही," ती हळूच म्हणाली. अक्काने हंडीला फडकं गुंडाळलं, छत्री बिसोकडे दिली आणि हंडी स्वतः पोटाशी धरून, एकेक पाऊल जपून टाकत शेजारी घेऊन गेली.

भंते ओळीने बसले. स्वयंपाकघरात गल्लीतली सगळी भांडी मांडली होती आणि वयाने सगळ्यांत मोठी म्हणून अक्का पळी घेऊन दारात उभी राहिली. बिसोने तिला तसं उभं राहिलेलं पाहिलं, दार, पळी, घाम, आणि तिची नजर आपल्या हंडीकडे गेली. आत बायका डाळीचं पातेलं पुढे सरकवत होत्या. अक्काने हात आडवा केला.

"थांबा. आधी ही हंडी. माझ्या बहिणीच्या हातचं आहे. थोडं लागलंय, तरी आधी हीच न्यायची."

हंडी गेली. तिथल्या ज्येष्ठ भंतेंच्या पात्रात पहिला पदार्थ तिचा पडला.

जेवणं झाली. पुण्य पोचवायचं म्हणून किरी बंडाची लेक सुरईतलं पाणी पेल्यात ओतायला लागली. पेला भरला, वाहायला लागला, खालच्या ताटलीत पडायला लागला, आणि भंतेंनी गाथा म्हणायला सुरुवात केली. गेलेल्यांना हे पुण्य मिळो. सगळे हात जोडून बसले होते. अक्का बिसोकडे झुकली. तिच्या तोंडाला करपट कालवणाचा वास येत होता, तिने आत जाऊन हंडीचा तळ खरवडून खाल्ला होता.

"किरी बंडाला पोचेल त्याचं," ती बिसोच्या कानात म्हणाली. "तू आईचं नाव घे. सांग तिला, तुझ्या हातचं आहे म्हणून."

बिसोने मान हलवली. डोळे मिटले. पाणी अजून ओतलं जात होतं.

आई, घे, तिने मनात म्हटलं. टिकिरीच्या हातचं आहे.